पाहुण्याचं घड्याळ

नवी पेठेत होनपबाईंकडे आम्ही सहा जण, कॉट चार.
त्यांचा हिशेब पक्का होता :
सुर्वे रात्रपाळीला हिंजवडीत,
गोरख पहाटे पाचलाच अभ्यासिकेत,
सगळे एकदम झोपायला मागत नाहीत.
वर्षात एखादी रात्र यायची
की सहाही जण घरात,
मग कुणीतरी गॅलरीत, सतरंजीवर,
ट्रंकेला पाय टेकवून.

याला ओव्हरकमिट म्हणतात
हे मला पुढे आठ वर्षांनी कळलं, पाषाणच्या लॅबमध्ये.

आता मीच होनपबाई.
एका लोखंडी पेटीत चाळीस पाहुणे ठेवतो,
प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच.
मेमरी कमी पडली
की पाहुण्याच्याच खोलीत एक फुगा फुगवत नेतो,
तो बिचारा आपणहून सामान आवरतो,
सुटलेली जागा मी शेजारच्याला देतो.
कुणी तक्रार करत नाही.
तक्रार करायला आधी भिंत दिसावी लागते.

तक्रार आली ती वेळेची.
तस्नीम बागवाननं स्क्रीन माझ्याकडे वळवला :
वरची ओळ, सात सेकंद चार मिलिसेकंद.
तिच्या खालची, सहा सेकंद नऊशे त्र्याण्णव.
‘उलटा वाचतेयस का?’ मी म्हटलं.
ती हसली नाही.

चालतं यंत्र एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर न्यायचं
म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताखालून वही काढायची.
आपण पानं उतरवत जातो,
तो उतरवलेल्याच पानांवर खाडाखोड करत राहतो,
पुन्हा उतरवा, पुन्हा,
आणि शेवटी एकदाच म्हणायचं : थांब.
ऐंशी मिलिसेकंद तो इथेही नसतो, तिथेही नसतो.
मग नवी तारीख हातात देऊन उठवायचं.
त्याला काही कळत नाही.
फक्त एक रकाना आपणच भरून देतो : चोरलेला वेळ.
इतका चोख हिशेब देणारा चोर
मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एकोणीस रात्री गेल्या.
तस्नीमच्या डब्यातली कोरडी चटणी संपली,
टेकडीवरचा मोर भलत्या वेळी ओरडायचा,
आणि आम्ही पाहुण्याला हलवायचो, परत आणायचो,
हलवायचो.
दोनशे खेपांत एकदा वेळ मागे जायचा. तेवढंच.

सापडलं तेव्हा फार लहान निघालं.
पाहुण्याचे कोअर चार.
तिघांना नवी वेळ सांगितली जायची,
चौथा त्या क्षणी झोपलेला असला
तर आमचं लूप त्याला ओलांडून पुढे जायचं.
जागा झाल्यावर तो अकरा मिलिसेकंद मागच्या जगात
इमानेइतबारे काम करत राहायचा.

मला एकदम होनपबाईंचं भिंतीवरचं घड्याळ आठवलं.
दहा मिनिटं पुढे, मुद्दाम, मुलं वेळेवर निघावीत म्हणून.
आम्हाला माहीतही नव्हतं.
आम्ही सगळेच दहा मिनिटं पुढे जेवायचो,
दहा मिनिटं पुढे भांडी विसळायचो, सुखात.
सुर्वेनं पहिल्या पगारातून मनगटी घड्याळ आणलं
आणि त्याच संध्याकाळी घरात पहिलं भांडण झालं,
नळाच्या पाण्यावरून.
बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.
खरं सांगतील असं वाटलं होतं.
त्यांनी सुर्वेचं घड्याळ मागून घेतलं,
दहा मिनिटं पुढे केलं, परत दिलं.

मी तस्नीमला हे सांगितलं.
ती म्हणाली, ‘बरोबरच केलं की.’
आणि एक ओळ खोडून दुसरी लिहिली.
बदलाची नोंद तिनं इंग्रजीत केली,
मला मात्र उठता उठता म्हणाली :
झोपलेल्यालाही वेळ सांगायचा, बस.

सकाळपर्यंत आम्ही त्याला चार हजार वेळा हलवलं.
तो कुठल्याशा बँकेचं व्याज मोजत होता,
अर्ध्यावर सोडलेल्या आकड्यापासून
पुढे.